मित्रकीटक पोत्यातून येत नसतात: साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य शेतकी अधिकारी,
साखर कारखाना
(नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळेलच, आणि बाकीच्या कारखान्यांनीही हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचलं तर बरंच.)

विषय: ट्रायकोकार्डं (मित्रकीटकाची कार्डं) वेळेवर, थंड आणि औषधाच्या पोत्यापासून दूर मिळण्याबाबत.

साहेब, नमस्कार.

गेल्या वर्षी २२ मेला दुपारी साडेबाराच्या सुमाराला तुमच्या गट कार्यालयाची जीप आमच्या वावराच्या धुऱ्यावर येऊन थांबली. नागपूरच्या मे महिन्यात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला तीन दिवस होते. तुमच्या पोराने डॅशबोर्डवरून एक खाकी पाकीट उचललं, माझी सही घेतली आणि "काका, आजच लावून टाका" म्हणून पुढच्या गावाला निघाला. त्याच्यावर माझा राग नाही. चाळीस गावांची यादी हातात देऊन त्याला उन्हात सोडला होता. पाकिटासोबत मिळाली क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची एक लिटरची बाटली आणि दाणेदार औषधाची पिशवी. तिन्ही वस्तू एकाच पोत्यात, एकाच पावतीवर. पुढे ते पैसे उसाच्या बिलातून कापलेही गेले.

पाकिटात तीन कार्डं होती. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या मावशींनी एक हातात घेतलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे तं पालिस पेपर दिसते जी. काय घासाचं आहे?"

मावशींचं चुकलं नाही. ट्रायकोकार्ड दिसतं तसंच. पोस्टकार्डासारख्या जाड कागदावर डिंकाने चिकटवलेली बारीक काळी अंडी, एका कार्डावर साधारण २० हजार. ही अंडी उसाच्या किडीची नाहीत. साठवलेल्या धान्यात होणाऱ्या कॉर्सिरा नावाच्या पतंगाची ती असतात. ट्रायकोग्रामा नावाची, अर्धा मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशी त्यांत आपली अंडी घालते. तिची पिलं आतून ते अंडं खातात, अंडं काळं पडतं आणि आठवड्याभरात त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर येते. वावरात सोडलेली माशी मग उसाच्या खोडकिडीची अंडी शोधते आणि त्यांचीही तीच गत करते. अळी जन्मालाच येत नाही. फवारणी अळीला मारते, तेही ती सापडली तर. एकदा ती कोंबात शिरली की औषध बाहेर आणि अळी आत, असा खेळ होतो. म्हणून मला ही माशी आवडते. ती भांडण सुरू व्हायच्या आधीच मिटवते.

आता त्या तीन कार्डांचं काय झालं ते सांगतो.

माझी नात सहावीत आहे. सुट्टीत आली होती. तिने एका कार्डाचा बोटभर तुकडा कापून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत टाकला, तोंडाला धोतराचं फडकं रबराने बांधलं आणि बरणी माठाच्या बाजूला, घरातल्या त्यातल्या त्यात थंड जागी ठेवली. बाकीचे तुकडे आम्ही संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचले. एकराला वीस-पंचवीस तुकडे, कारण ही माशी फार लांब उडत नाही, दहा-पंधरा पावलांतच तिचं जग. बरणीकडे नात रोज भिंग घेऊन बघायची. चार दिवस झाले, सहा झाले, दहा झाले. जिवंत कार्डावर काळ्या अंड्याला सुईच्या टोकाएवढं गोल भोक दिसायला हवं आणि काचेवर धुळीच्या कणांसारखी हलणारी माशी दिसायला हवी. बाराव्या दिवशी पोरगी म्हणाली, "आजोबा, एकालाही भोक नाही."

वीस हजार गुणिले तीन. साठ हजार अंडी, सगळी बंद. वावरातले तुकडे बघायला गेलो तर निम्मे मुंग्यांनी साफ केलेले.

साहेब, कुठली फॅक्टरी, कुठली प्रयोगशाळा, कोणाच्या हातून चूक झाली, यात मला पडायचं नाही. पण कारण काही गूढ नव्हतं. कार्ड मिळाल्यावर ते लगेच वापरायचं, नाहीतर फ्रीजमध्ये ५ ते १० अंशांना ठेवायचं, तेही काही दिवसच. इथे ते बंद जीपच्या काचेखाली उन्हात भाजत आलं. वरून शेजारी औषध. क्लोरपायरीफॉसची नुसती वाफही या माशीला पुरते. म्हणजे आपण एकाच पोत्यात डॉक्टर आणि मारेकरी बसवून पाठवले आणि दोघांची मजुरी शेतकऱ्याकडून घेतली.

आणि ती कार्डं जिवंत असती तरी उपयोग काय होता? माझी उसाची लागण १५ जानेवारीची. मेच्या शेवटी ऊस चार महिन्यांचा झाला होता, बुडात कांड्या सुटायला लागल्या होत्या. खोडकिडीचा खरा जोर त्याआधी असतो, कोंब कोवळे असताना, मार्च-एप्रिलच्या कोरड्या तापात. मादी पानाच्या खालच्या अंगाला अंडी घालते, पांढुरकी, चपटी, कौलं रचल्यासारखी एकावर एक चढलेली, तीन-चार रांगांत. चार ते सहा दिवसांत ती फुटतात. ट्रायकोग्रामाला जे काही करायचं ते याच चार-सहा दिवसांत. म्हणूनच शिफारस अशी की लागण सुमारे चाळीस दिवसांची झाली की सुरुवात करायची आणि दर दहा दिवसांनी, हेक्टरी ५० हजार या हिशेबाने, चार-पाच वेळा सोडायचं. एकदाच आणि तेही मेच्या शेवटी नाही. पोंगा (कोंबाचा मधला शेंडा) मेला, ओढला की सहज हातात आला आणि त्याला घाण वास आला, एवढं दिसायला लागलं की ट्रायकोकार्डाची वेळ कधीच टळलेली असते.

तुम्ही म्हणाल, काका, दहा दिवसांनी येऊन कार्डं द्यायला माणसं कुठून आणू? प्रश्न रास्त आहे. पण मग पुढचा प्रश्न मी विचारतो: कार्डं येतात कुठून?

मला जेवढं कळलं त्यावरून ती पश्चिम महाराष्ट्रातून येतात. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. उसाचं सगळं शहाणपण तिकडेच आहे हे मला मान्य. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ ची. त्यांनी केलेलं काम मोठं आहे. पण पुणे इथून सातशे किलोमीटरच्या वर, आणि ज्या मालाचं आयुष्य आठवड्याचं आहे तो माल एवढ्या लांबून उन्हाळ्यात मागवणं म्हणजे बर्फाचे गोळे पोत्यात भरून आणण्यासारखं आहे. बरं, नागपुरात काही नाही असंही नाही. कृषी महाविद्यालय १९०६ पासून आहे. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. केंद्र सरकारचं एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र याच शहरात आहे. ट्रायकोग्रामाची माशी कशी वाढवायची हे माहीत असलेली माणसं सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवर तुमच्या बाजूला उभी असतील.

आणि ती विद्या फार अवघड नाही. एका लाकडी पेटीत अडीच किलो भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, त्यावर कॉर्सिराची अंडी शिंपडायची. चाळीसेक दिवसांनी पतंग निघायला लागतात. त्यांची अंडी गोळा करायची, अतिनील दिव्याखाली ठेवून त्यातला जीव मारायचा म्हणजे कार्डावर पतंगाच्या अळ्या निघत नाहीत. मग कार्डावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा सोडायची. पतंगांच्या पंखांची भुकटी नाकात जाऊन दमा बळावतो, म्हणून तोंडाला मास्क पाहिजे. स्वच्छता पाहिजे. एक एसी असलेली खोली पाहिजे. गावातल्या बचत गटाच्या बायका पापड-शेवयांपेक्षा हे अवघड म्हणतील असं मला वाटत नाही. तुमच्या कारखान्याच्या आवारात, गाळप हंगाम संपल्यावर सहा महिने कुलूप लागलेल्या किती खोल्या आहेत त्या मी मोजल्या नाहीत, पण तुम्हाला माहीत आहेत.

फक्त उसासाठी एवढा खटाटोप परवडत नाही, हा तुमचा मुद्दाही मी ऐकलाय. पण हा आपला भाग निव्वळ उसाचा कुठे आहे? मौदा-रामटेककडे पेंचच्या कालव्यावर धान आहे. उमरेड-भिवापूरकडे सोयाबीन आणि मिरची. काटोल-सावनेरकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस. धानाच्या खोडकिडीवर ट्रायकोग्रामा जापोनिकम चालते, तीच उसाच्या शेंडेकिडीवरही. पऱ्हाटीच्या गुलाबी बोंडअळीच्या अंड्यांवर तिचीच चुलत बहीण, ट्रायकोग्रामॅटॉइडिया, चालते. फेब्रुवारी ते एप्रिल ऊस, पावसाळ्यात धान, नंतर पऱ्हाटी. वर्षभर काम. साखरपट्ट्यातल्या कुठल्या कारखान्याला असं गिऱ्हाईक मिळत असेल? इथे आपण मागास नाही, उलट नशीबवान आहोत, पण ते कोणी बसून जोडलं पाहिजे.

तापमानाचं मात्र खरं आहे. एप्रिलच्या मध्यानंतर आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि ही माशी मरगळते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने जास्त उष्णता सोसणारा ट्रायकोग्रामाचा वाण तयार केला आहे. आपल्या भागासाठी तोच मागवायला हवा. एरवी पाण्याचा ताण न देता, सरीत पाचट (उसाची वाळकी पानं) पसरून, हलकी भर देऊन खोडकिडीला जमिनीची भट्टी मिळू द्यायची नाही. हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो. त्यांना ट्रायकोग्रामा हा शब्द माहीत नव्हता. पण पाचट पेटवू नको म्हणायचे.

पाचटाचा विषय निघालाच आहे तर. तोडणी झाली की दरवर्षी रात्री धुऱ्याधुऱ्याने आग दिसते. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस) लवकर फुटावा म्हणून, टोळीला खोडक्या तासायला सोपं जावं म्हणून, किंवा नुसती सवय म्हणून. त्या पाचटात फक्त कीड नसते. लेडीबर्ड भुंगेरे, कोळी, कातरकिडे, पाकोळीवरच्या (पाकोळी म्हणजे पानांचा रस शोषणारी उसाची कीड) मित्रकीटकाचे कोष, सगळं त्यात असतं. आपण उन्हाळ्यात फौज जाळतो आणि जुलैत फौज विकत मागतो.

पाकोळीची गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोरची आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या खोडव्यावर पाकोळी आली. पान हलवलं की फर्रकन उडायची. पानं चिकट, त्यावर काजळी. तुमचे एक मदतनीस आले, पान उलटं केलं. पाकोळ्यांच्या पाठीला पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं होतं आणि पानांवर पांढरे टपोरे कोष होते. ते म्हणाले, "काका, बुरशी लागली, फवारून घ्या." ती बुरशी नव्हती. ते एपिरिकॅनिया होतं. पाकोळीच्या अंगाला चिकटून तिचा रस पिणारी अळी, अंगावर पांढरा मेणचट कापूस पांघरलेली. पाकोळीचा याहून चांगला वैरी नाही. वावरात तो दिसला तर करायचं एवढंच: काही न फवारता गप्प बसायचं, आणि जिथे तो नाही तिथे कोष असलेली पानं तोडून नेऊन टाचायची. मी पंप परत ठेवला. दिवाळीपर्यंत पाकोळी कुठे गेली कळलं नाही. एका वावरावरून नियम बांधू नये हे मला कळतं. पण तुमच्या माणसाला मित्र आणि शत्रू ओळखता येत नसेल तर त्याच्या हातात औषधाची पावती पुस्तिका कशाला?

लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल. २००२ मध्ये सांगलीकडून सुरू झाला आणि बघता बघता कर्नाटकात पोचला. पानांखाली पांढरा लोकरीचा थर, वरून काजळी, अख्खे फड काळे. तेव्हा किती औषध ओतलं गेलं. पुढे जे टिकलं ते माव्याचा फडशा पाडणारे मित्रकीटक: कोनोबाथ्राच्या अळ्या, मायक्रोमस, एन्कार्शिया. हेक्टरी हजार कोनोबाथ्रा किंवा अडीच हजार मायक्रोमस, एवढाच हिशेब. कारखान्यांनी शेडनेटखाली मावा लागलेला ऊस मुद्दाम राखून त्यावर हे कीटक वाढवले आणि पानासकट शेतकऱ्यांना वाटले. म्हणजे कारखान्याला जमत नाही असं नाही. संकट मोठं असलं की जमतं.

सगळं याच वाटेने होतं असा माझा दावा नाही. जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या हुमणीला ही माशी काही करू शकत नाही. तिच्यासाठी पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर बसलेले भुंगेरे रात्री झाडं हलवून गोळा करायचे, शेणखतातून मेटारायझियम बुरशी द्यायची, आणि नांगरामागे बगळ्यांना येऊ द्यायचं. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसाचे भुंगेरे खायला म्हणून हवाईहून बेडूक आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, बेडूक जमिनीवर, गाठच पडेना. आज ते बेडूकच तिकडची मोठी डोकेदुखी आहेत. ही गोष्ट मी आमच्या पारावर सांगितली तेव्हा एकाने विचारलं, "मंग आपल्या माशीचं बी तसंच झालं तं?" नाही होणार. ती इथलीच आहे. अंडं मिळालं तर जगते, नाही मिळालं तर दोन-चार दिवसांत मरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी, महालातून, इतवारीतून. पोरं ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" माश्या, मोंगसे, ढेकूण, सगळं घेऊन जा. परवा नात विचारत होती, यातून आपली माशी वगळता येईल का. मी म्हटलं, मारबतीला नीट समजावून सांगावं लागेल. तुमच्या शेतकी विभागालाही तेच समजावतोय.

औषधाबद्दल एकच गोष्ट. मी औषध मुळीच वापरत नाही असा साधूपणा मिरवत नाही. पण २०१७ साली आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. कितीएक जण, आपले डोळे गेले असं वाटून, दवाखान्यात पडून होते. उसाच्या सरीत आपण वर्षानुवर्षं हाताने टाकलेलं फोरेट २०२० च्या अखेरीस देशात बंद झालं. ज्या मावशींना कार्ड पालिस पेपर वाटलं, त्याच ते फोरेट टाकायच्या. उघड्या हातांनी, पदरात घेऊन.

तर माझं मागणं. कार्डं औषधाच्या पोत्यात नकोत. वेगळी, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांसोबत, सकाळी नऊच्या आत. जीपला ते जमत नसेल तर दुधाच्या गाडीवर द्या, ती रोज पहाटे येते. प्रत्येक कार्डावर तयार झाल्याची आणि माशी निघण्याची तारीख छापा. कार्ड सोडलं की निदान पंधरवडाभर त्या गटात फवारणी करू नका, हे शेजाऱ्यांनाही तुम्हीच सांगा. माझं कोणी ऐकत नाही. वाटपाची यादी लागणीच्या नोंदीवरून काढा, नोंद तर तुमच्याकडेच असते, कोणाचा ऊस चाळीस दिवसांचा कधी होतो हे तुमच्या संगणकाला माहीत आहे. बरणीत कार्ड मेलेलं निघालं तर ते पैसे बिलातून कापू नका. आणि गट कार्यालयात एक भिंग ठेवा. वीस रुपयांचं चालेल.

प्रयोगशाळेचं लगेच होणार नाही, मला ठाऊक आहे. त्यासाठी संचालकांची बैठक लागेल, कुठल्यातरी योजनेचा कागद लागेल. तोवर खोली तरी दाखवा. बचत गटाच्या चार बायका बघायला यायला तयार आहेत.

यंदाचीही लागण १५ जानेवारीची आहे. चाळीस दिवस २४ फेब्रुवारीला भरतात. नातीची शाळा चालू असेल, पण ती शनिवारी येते म्हणाली. बरणी धुऊन ठेवली आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक
मौदा तालुका, जि. नागपूर